जुन्या मातीच्या धरणावर पहिली पोस्टिंग मिळाली तर
पहिली पोस्टिंग जुन्या मातीच्या धरणावर मिळाली तेव्हा मी जाम नाराज होतो, बॅचमेट डिझाईन ऑफिसात आणि मी गवत उगवलेल्या बांधावर फेऱ्या मारतोय. दुसऱ्याच दिवशी पायथ्याशी पाणी वाहताना दिसलं, धावत जाऊन तिथल्या जुन्या चौकीदाराला म्हटलं, काका, धरण गळतंय! ते म्हणाले, "गळणारच की साहेब, मातीचं आहे. गढूळ झालं तर सांगा."

निम्मं शिक्षण तिथेच झालं. मधला चिकणमातीचा गाभा, म्हणजे हार्टिंग, पाणी पूर्ण अडवत नाही, फक्त हळू करतो, मग ते फिल्टर (वाळूचा गाळणारा थर) आणि टो ड्रेन (पायथ्याचा निचऱ्याचा चर) यांतून बाहेर येतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहून चाललीये. शंका आली तर काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळ बघा. आणि झिरपा अचानक कमी झाला तरी खूश होऊ नका, ड्रेन बुजला असेल तर पाणी आत तुंबतं आणि उतारावर मध्येच कुठेतरी ओल फुटते.

व्ही-नॉचचं, म्हणजे झिरपा मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेचं, रीडिंग नीट घ्या, आधी शेवाळ काढा, आणि उंची नॉचच्या तोंडाशी नाही, थोडं मागे मोजा. माझं ५ सेंमीचं ६ झालं, मी म्हटलं एका सेंमीने काय होतंय. पण उंचीचा अडीचावा घात लागतो, म्हणजे प्रवाह दीडपटीच्या वर गेला होता! नशीब, तो आदल्या रात्रीचा पाऊस निघाला. तेव्हापासून रीडिंगशेजारी पाऊस आणि जलाशयाची पातळी लिहितोच.

माती जिथे काँक्रीटला टेकते ती जागा सगळ्यात नाजूक. १९६१ मध्ये पानशेत फुटलं तेव्हाही विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, मोरीवरची माती खचत गेली होती. पाणीपुरवठ्याच्या धरणात ही मोरी आतून बघायला सप्लाय बंद करावा लागतो आणि तो कोणी करू देत नाही, हा कायमचा वैताग. पातळी घाईने उतरवायचीही सोय नाही, आत भिजलेली माती तशीच असते आणि बाहेरचा पाण्याचा आधार गेला की जलाशयाकडचा उतार घसरतो.

बाकी झाडं, बिळं, निखळलेलं पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) हे चालता चालता दिसतंच.

धरण बांधलंय कसं ते मात्र आधी शोधा. लॉस एंजेलिसला पाणी देणारं लोअर सॅन फर्नांडो हायड्रॉलिक फिलचं होतं, म्हणजे माती पाण्यात कालवून सोडलेली, सैल. १९७१ च्या भूकंपात त्याचा उतार माथ्यासकट घसरला, खालच्या भागातून सुमारे ८०,००० लोक हलवावे लागले. आमची ड्रॉइंग स्टोअरच्या कपाटात सापडली खरी, पण वाळवीने नेमकी गाभ्याचीच जागा खाल्ली होती, मग बोअर घ्यावे लागले, तेही पाण्याचं प्रेशर न वापरता, नाहीतर गाभ्याला आपणच तडा द्यायचो.