नव्या वर्षाचे संकल्प लिहिण्याआधी सरलेलं वर्ष कसं तपासावं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कोरी वही उघडून थेट संकल्प लिहायला घेतले जातात. रोज व्यायाम, महिन्याला एक पुस्तक, पगारातून अमुक इतकी बचत. विशी-पंचविशीत ही यादी जरा जास्तच लांबते. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणी परदेशी गेलेलं असतं, कुणाच्या हातात नेमणुकीचं पत्र आलेलं असतं, आणि आपण मागे पडलो असं वाटत राहतं. त्या भरात लिहिलेल्या यादीत आपली गरज कमी आणि इतरांशी केलेली तुलनाच जास्त उतरते. म्हणून आधी गेलं वर्ष तपासा, आणि तेही केवळ आठवणीच्या भरवशावर नको.

आठवण शेवटाला फार महत्त्व देते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलं. यातलं कोणतं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, म्हणजे त्रास जास्त वेळ देणारं. वर्षाचंही असंच होतं. नोव्हेंबरात एक मुलाखत फसली की सगळं वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं आणि मार्चमध्ये जमलेली गोष्ट आठवतही नाही.

पहिली पायरी: नोंदी गोळा करा

दीड-दोन तासांच्या दोन बैठका ठरवा. ३१ तारखेची रात्र टाळा, त्या दिवशी मन थाऱ्यावर नसतं. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट डाउनलोड करा, फोनमधले फोटो तारखेनुसार उघडा, कॅलेंडर आणि ऑफिसातल्या रजांची नोंद जवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले मेसेजही बघा, तिथे अर्धवट राहिलेले बेत हमखास सापडतात.

दुसरी पायरी: बारा महिन्यांची बारा पानं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक महिन्याला एक पान द्या आणि फक्त घडलेलं लिहा. ‘जून वाईट गेला’ असं नको. ‘जूनमध्ये प्रोजेक्ट लांबला, दोन शनिवार ऑफिसात गेले’ असं लिहा.

समजा, नाशिकची एक मुलगी नोकरीसाठी पुण्यात राहते. ‘माझ्या हातात पैसा टिकत नाही, मी उधळी आहे’ असं तिचं स्वतःबद्दल ठाम मत आहे. स्टेटमेंट चाळताना तिला दिसतं, की जून-जुलैत रात्री साडेदहा-अकराला जेवण मागवल्याचे यूपीआय व्यवहार ओळीने आहेत. कॅलेंडरमध्ये त्याच दोन महिन्यांत उशिरापर्यंत चाललेल्या मीटिंगा आहेत. ऑगस्टमध्ये काम आवरलं आणि त्या ऑर्डरी थांबल्या. घरी पाठवलेले पैसे मात्र एकाही महिन्यात चुकलेले नाहीत. या मुलीने ‘खर्च कमी करणे’ असा संकल्प लिहिला असता, तर खरं दुखणं तसंच राहिलं असतं. तिचा प्रश्न कामाच्या तासांचा आहे. हे स्वतःला दोष देत बसून कळत नाही, ओळी शेजारी ठेवल्यावर कळतं.

तिसरी पायरी: हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करा

पानांवर दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. एमपीएससी करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेशी तारीख जुळल्यामुळे आणि पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर पुढे ढकलली गेली आणि १ डिसेंबरला झाली. तारीख हलणं उमेदवाराच्या हातात नव्हतं. मधल्या तीन महिन्यांत किती सराव पेपर सोडवले, हे बऱ्याच अंशी होतं. घरातलं आजारपण, कंपनीतली कपात हेही हाताबाहेरच्या रंगात जाईल. त्याचं ओझं स्वतःच्या नावावर लिहू नका.

चौथी पायरी: जुने संकल्प काढा

गेल्या जानेवारीत काय ठरवलं होतं ते शोधा आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या महिन्यात सुटलं आणि त्या महिन्यात दुसरं काय चालू होतं ते लिहा. जो संकल्प दरवर्षी येतो आणि दरवर्षी फेब्रुवारीत सुटतो, तो मुळात तुमचा आहे का, हेही विचारा. नसेल तर खोडून टाका. माझ्या मते हे खोडणं नवा संकल्प लिहिण्याइतकंच मोलाचं आहे.

पाचवी पायरी: एका माणसाला विचारा

ताई, जुना मित्र, रूममेट, तुम्हाला रोज पाहणारं कुणीही चालेल. ‘या वर्षी मी कधी खुश दिसलो?’ एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

वर्षात जवळचं कुणी गेलं असेल किंवा नातं तुटलं असेल, तर ते पान लगेच भरायचा हट्ट धरू नका. पानं उलटताना फारच जड वाटलं तर वही मिटा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

यानंतर संकल्प

दुसऱ्या बैठकीनंतर एक दिवस जाऊ द्या. मग जास्तीत जास्त तीन संकल्प लिहा आणि प्रत्येकासमोर तो वहीतल्या कोणत्या पानावरून आला ते नोंदवा. वरच्या मुलीची ओळ अशी होईल: ‘पुढचा प्रोजेक्ट सुरू होतानाच मॅनेजरशी वेळेबद्दल बोलायचं, आठवड्यातले तीन दिवस आठच्या आत ऑफिस सोडायचं. (जून, जुलै)’. ज्या संकल्पासमोर कोणताच महिना लिहिता येत नाही, तो सध्या बाजूला ठेवा. ही बारा पानं फाडू नका, त्याच वहीत पुढच्या वर्षाचा जानेवारी सुरू करा आणि दर महिनाअखेरीला चार ओळी लिहीत जा.