मांजरीसाठी स्वस्त पण सकस डबा कसा निवडावा

डब्यावरचा मासा किंवा कोंबडी पाहून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'कम्प्लीट' (पूर्ण आहार) लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी' (पूरक), हे सगळ्यात आधी बघायचं. दुसऱ्या प्रकारचा डबा म्हणजे नुसता खाऊ. जेलीतले ट्यूनाचे तुकडे बरेचदा याच गटात मोडतात. रोज तेवढ्यावरच ठेवलं तर मांजरीला टॉरिन (तिला अन्नातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल) आणि इतर घटक कमी पडू शकतात. टॉरिनअभावी डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

मग प्रथिनं. पाऊचवर ९ टक्के आणि कोरड्या खाद्यावर ३२ टक्के पाहून कोरडंच भारी वाटतं. पण पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या १८ भागांत ९ प्रथिनं, म्हणजे निम्मी! कोरड्यात १० टक्के पाणी धरलं तर हाच आकडा ३५-३६वर येतो.

किंमत नेहमी १०० ग्रॅमवर काढा. समजा, ७० ग्रॅमचं पाऊच ४५ रुपयांना, म्हणजे १०० ग्रॅमला ६४ रुपये. ४०० ग्रॅमचा डबा २००ला मिळाला तर ५०च. उरलेलं झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. थंडगार दिलं तर बाईसाहेब नाक मुरडतात. चमचाभर कोमट पाणी घालून कालवा.

तरीही परवडत नसेल तर एक वेळ ओलं, एक वेळ चांगलं कोरडं द्या. घरचं उकडलेलं चिकन अधूनमधून चालेल, मात्र कांदा-लसूण अजिबात नको.