गॅस गिझर बसवण्याआधी : जागा निवडताना या चुका टाळा

गॅस गिझर उत्तम कंपनीचा आणि आयएसआय चिन्हाचा असला, तरी जागा चुकली की तो जिवावर बेतू शकतो. सर्वांत घातक चूक म्हणजे गिझर थेट बाथरूममध्ये बसवणे. साधारण 6 लिटर क्षमतेचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो, आणि हा वायू पूर्ण जळण्यासाठी त्याच्या आकारमानाच्या 25 ते 30 पट हवा लागते. म्हणजे तासाला 10 घनमीटरच्या आसपास हवा हवी. फ्लॅटमधल्या 5 बाय 7 फुटांच्या, 9 फूट उंच बाथरूममध्ये ती 9 घनमीटरही नसते. ती संपण्याच्या कितीतरी आधीच ऑक्सिजन कमी पडू लागतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ‘वास आला की कळेलच’ हा भरवसा येथे फोल आहे, कारण सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र कसलाच वास नसतो.

‘एक्झॉस्ट फॅन आहे ना’ हे उत्तरही पुरेसे नाही. दार-खिडकी बंद असताना पंखा हवा बाहेर ओढतो, पण तिच्या जागी ताजी हवा यायला वाट नसते. धुराड्याची नळी असलेल्या गिझरचा धूर तर उलट आतच ओढला जाऊ शकतो.

म्हणून गिझर उघड्या गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत बसवून फक्त पाण्याची नळी आत न्यावी. पुढे पावसाची झड येते म्हणून तीच बाल्कनी सरकत्या काचांनी बंद केली जाते, आणि चांगली निवडलेली जागा कोणाच्या लक्षातही न येता बंद खोली होऊन बसते. सुतार हौसेने गिझरभोवती कपाट करून देतो, तेही नकोच. धुराचे तोंड इमारतीच्या डक्टमध्ये सोडल्यास तो शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत जाऊ शकतो.

भिंत विटांची किंवा काँक्रीटची असावी आणि जवळ कपडे वाळत घालू नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर नेहमी उभा, मोकळ्या जागी आणि मोरीच्या जाळीपासून दूर ठेवावा. शेगडीच्या रबरी नळीला मध्येच टी (तीन तोंडांचा जोड) लावून गिझरला गॅस देऊ नये.

गिझर पेटत नसेल तर लगेच गॅसला दोष देऊ नये. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाबच कमी पडतो, किंवा ठिणगीचे सेल उतरलेले असतात. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरली, तर मात्र वापर तत्काळ थांबवून हवेची वाट आणि बर्नर तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.

आंघोळीला गेलेल्या माणसाचे डोके जड झाले, मळमळू लागले किंवा तो आतून ओ देईनासा झाला, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा आणि रुग्णालयात पोहोचताच गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना सांगावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसतो म्हणून घरी थांबू नये. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्या यंत्राला ऑक्सिजनसारखाच दिसतो.