टी.वाय. केमिस्ट्रीनंतर एम.एस्सी. की कंपनी? या चुका टाळा

बी.एस्सी. केमिस्ट्रीचा शेवटचा पेपर झाला की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. आई म्हणते, एम.एस्सी. करूनच टाक, परत शिकणं होत नाही. काकांच्या ओळखीचं एमआयडीसीत कुणीतरी असतं. आणि मुलगा? तो बहुतेक वेळा मित्रांचा ग्रुप ज्या कॉलेजचा फॉर्म भरतो, तिकडे जातो.

मी औषध कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) काम करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो. समोर बी.एस्सी. झालेलेही येतात, एम.एस्सी. झालेलेही. दोघांत फसलेले भेटतात आणि त्यांची फसगत साधारण त्याच त्या ठिकाणी झालेली असते.

डिग्री ठरवली, डिपार्टमेंट नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ‘एम.एस्सी. करू की नको’ हा प्रश्न हवेतला आहे. आधी ठरवायचं ते कुठल्या विभागात काम करायचंय हे, कारण प्रत्येक विभागाचं दार वेगळ्या डिग्रीने उघडतं.

प्रॉडक्शन आणि क्यूसीला बी.एस्सी. केमिस्ट्री चालते. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, कुठेही बघा, प्लांटवर आणि वेट लॅबमध्ये (जिथे टायट्रेशनसारख्या हाताने करायच्या तपासण्या होतात) बी.एस्सी.वालेच जास्त दिसतील. शिवाय औषध कंपनीत एक गोष्ट अशी आहे, जी कॉलेजात सहसा कुणी सांगत नाही. औषधांचं उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली होतं, त्या माणसाला एफडीएची (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची) मान्यता लागते. १९४५ च्या औषध नियमांनुसार त्यासाठी रसायनशास्त्र मुख्य विषय असलेली बी.एस्सी. आणि तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो, बी.फार्म. असेल तर दीड वर्ष. जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ लिहिलेलं असतं ते हेच. म्हणजे ज्याला प्रॉडक्शनमध्येच रमायचंय, त्याची एम.एस्सी.ची दोन वर्षं इथे फारशी कामी येत नाहीत. त्याच दोन वर्षांत बी.एस्सी.वाला मान्यतेच्या वाटेवर बराच पुढे गेलेला असतो.

आर अँड डी, म्हणजे संशोधन विभाग, मात्र वेगळी दुनिया. फ्यूम हूडखाली रिॲक्शन लावायची, ती पूर्ण झाली का हे टीएलसी मारून बघत बसायचं, मग तयार झालेला पदार्थ वेगळा करून शुद्ध करायचा. तिथे ऑरगॅनिकमधली एम.एस्सी.च मागतात. बी.एस्सी.वर लॅब असिस्टंट म्हणून आत शिरता येतं, पण सायंटिस्टच्या खुर्चीपर्यंत पोचणारे विरळा. मेथड डेव्हलपमेंट, म्हणजे तपासणीच्या नव्या पद्धती बसवायचं काम, करायचं असेल तर ॲनालिटिकलची एम.एस्सी. वजनदार ठरते.

शिक्षक व्हायचं असेल तर तिथेही दोन वाटा आहेत. माध्यमिक शाळेसाठी बी.एस्सी.वर बी.एड. चालतं, ज्युनियर कॉलेजला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं. सीनियर कॉलेजात जायचं तर एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि वर नेट किंवा सेट. एवढं करूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे प्राध्यापक तुमच्याच कॉलेजात असतील. फॉर्म भरण्याआधी त्यांच्यापैकी एखाद्या सरांना चहाला बोलवा आणि महिन्याला हातात काय पडतं, सुट्टीत काय पडतं, हे सरळ विचारा.

‘दोन वर्षं तरी मिळतील’ म्हणून घेतलेला प्रवेश

ही एम.एस्सी. विषयासाठी नसते, वेळ काढण्यासाठी असते. काहींना हॉस्टेलची खोली हवी असते, काहींना एमपीएससीचा अभ्यास करायचा असतो, काहींना नुसतं ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाला उत्तर हवं असतं. एमपीएससी करायची तर जरूर करा. तिला पदवी पुरते. पण प्रॅक्टिकल, जर्नल, प्रोजेक्ट आणि सबमिशन सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास करायचा म्हटलं तर दोन्हीकडे पाणी पडतं, त्यातून २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. आमच्याकडे असे उमेदवार येतात. एम.एस्सी. कशीबशी पन्नास-बावन्न टक्क्यांची, प्रोजेक्टवर दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आणि स्पर्धा परीक्षाही राहिलेली. त्यांना आम्ही बी.एस्सी. फ्रेशरच्याच रांगेत बसवतो. वाईट वाटतं, पण दुसरं काही करता येत नाही.

प्रवेश कॉलेजात घेतला, लॅबमध्ये डोकावलंच नाही

एम.एस्सी.ची अनेक कॉलेजांतली तुकडी विनाअनुदानित असते. त्यामुळे त्याच विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाची फी दोन कॉलेजांत खूप वेगळी निघते. जास्त फी म्हणजे चांगली लॅब असं अजिबात नाही.

प्रवेशाआधी एकदा जाऊन या. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का हे विचारू नका, ‘आहे’ असंच उत्तर येईल. त्यावर विद्यार्थी स्वतः नमुन्याचं इंजेक्शन देतात का, शेवटचं कधी चाललं, आणि प्रोजेक्ट कॉलेजातच होतो की बाहेर कंपनीत किंवा पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या) ठिकाणी पाठवतात, हे विचारा. प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं यंत्र लगेच ओळखू येतं. तुमची हवी ती ब्रँच तिथे खरंच चालते का आणि तिच्या जागा कशा वाटल्या जातात, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकलला सगळ्यात जास्त मागणी असते. गुणवत्ता यादीत खाली असाल तर उरलेलं जे असेल ते मिळतं आणि मग ‘आर अँड डीसाठी एम.एस्सी. करतोय’ हे कारणच संपतं.

जूनमध्ये जाग येणं

आयआयटीतून एम.एस्सी. करायची तर जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिचे फॉर्म टी.वाय. सुरू झाल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास निघतात. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी साधारण मार्चमध्ये होते. निकाल लागल्यावर विचार करू म्हणणाऱ्याच्या हातात तोवर फक्त जवळच्या कॉलेजचा पर्याय उरतो. कंपनीत जाणार हे नव्वद टक्के ठरलेलं असलं तरी जॅमचा फॉर्म भरून ठेवा. नंबर चांगला लागला तर फेरविचार करायला जागा राहते.

पॅकेजचा आकडा बाराने भागणं

‘तीन लाख साठ हजार’ ऐकलं की घरी तीस हजार सांगितले जातात. आता ऑफर लेटरचं मागचं पान उलटून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण मांडणी अशीच असते.

महिन्याचे ३०,००० धरले, तर त्यात व्हेरिएबल पे १० टक्के, म्हणजे ३,००० रुपये. ते वर्षअखेरीला, कंपनीच्या मर्जीने. मूळ पगार १५,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२०. विम्याचे ४८०. झाले ६,००० गेले. उरलेल्या २४,००० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. बँकेत येतात २२,०००. (महाराष्ट्रात दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून मुलीच्या खात्यात २२,२०० येतील. फेब्रुवारीत मुलांचे दोनशेच्या जागी तीनशे जातात.)

त्या २२,००० मधून खोलीभाडं, मेस आणि गावी येण्याजाण्याचा खर्च वजा करा. कंपनीची बस आणि कॅन्टीन असेल तर ती सोय पगारवाढीइतकीच मोलाची आहे; बोईसरला राहून रोज रिक्षाने प्लांट गाठणाऱ्याला विचारा. बस नसलेली जास्त पगाराची ऑफर कित्येकदा हातात कमी पैसे ठेवते. एम.एस्सी.ची फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार यांची तुलना करायची तर ती या हातात येणाऱ्या रकमेशी करा. काकांना सांगितलेल्या पॅकेजवर हिशेब मांडलात तर तो चुकणारच.

कोणाच्या रोलवर आहोत हे न विचारणं

गेट तेच, युनिफॉर्म तोच, काम तेच. पण नेमणुकीचं पत्र कंत्राटदाराच्या लेटरहेडवर. मुलं हे बघतच नाहीत, कारण गावात सांगताना नाव मोठ्या कंपनीचं सांगायचं असतं. दोन वर्षांनी नोकरी बदलायला गेल्यावर अनुभवाचं पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं निघतं आणि त्यात विभागाचा पत्ता नसतो.

कंत्राटावर जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पहिली नोकरी अनेकांना अशीच मिळते. फक्त सहीआधी विचारा: कंपनी रोलवर घ्यायची पद्धत आहे का, मागच्या वर्षी किती जणांना घेतलं, आणि पत्रात ‘क्यूसी’ किंवा ‘प्रॉडक्शन’ असा विभाग लिहून मिळेल का. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर ते अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं आहे ना, हे तपासा. नोंदणी असेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच दिवशी परत घ्या.

‘नोकरी करत करत एम.एस्सी. करीन’

केमिस्ट्रीत हे सहसा जमत नाही. शिफ्ट आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून सकाळी अकराला प्रॅक्टिकलला उभं राहिलेला मुलगा ब्युरेटचं रीडिंग काय घेणार? रेग्युलर कोर्सला हजेरी लागते, आणि दूरस्थ पद्धतीने करायचं म्हटलं तरी प्रॅक्टिकलसाठी केंद्रावर जावंच लागतं, त्याला सलग रजा कोण देणार? एक-दोन वर्षं नोकरी करून, पैसे साठवून, मग पूर्णवेळ एम.एस्सी. हा रस्ता चांगला आहे. अशी मुलं मुलाखतीत लगेच वेगळी दिसतात. मात्र दुचाकीचा हप्ता सुरू झाला की परत फिरणं अवघड होतं, तेव्हा आधी फीचे पैसे बाजूला काढा.

डिग्री वाढली, हात तोच राहिला

आमच्याकडे एक प्रश्न सगळ्यांना विचारतात: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर कसं बनवाल? ‘चार ग्रॅम वजन करून लिटरपर्यंत पाणी.’ बरोबर. मग पुढचा: बाटलीवर नॉर्मॅलिटी (द्रावणाची तीव्रता) काय लिहाल? इथे बरेच जण ०.१ म्हणून मोकळे होतात. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून वजनावर विश्वास ठेवता येत नाही. वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेऊन, फिनॉल्फथेलीन टाकून स्टँडर्डाइज करायचं, म्हणजे टायट्रेशनने खरी तीव्रता काढायची, आणि जो आकडा येईल तो लिहायचा. हे एफ.वाय.चं प्रॅक्टिकल आहे. एम.एस्सी. झालेलेही यात अडकतात, आणि त्या दिवशी जागा बी.एस्सी.च्या मुलीला मिळते, कारण तिने ते प्रॅक्टिकल स्वतः केलेलं असतं, बाजूच्याचं रीडिंग उतरवलेलं नसतं.

नोकरीच निवडायची असेल तर मुलाखतीआधी आपली जुनी जर्नलं काढा. टायट्रेशन, बफर, पीएच, मोलॅरिटी-नॉर्मॅलिटी. गूगलवरच्या ‘टॉप फिफ्टी इंटरव्ह्यू क्वेश्चन्स’पेक्षा ती कामाची आहेत.

आधीच अडकला असाल तर

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात लक्षात आलं की हे आपलं नाही, तर वर्ष अर्धवट टाकून पळू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिलं वर्ष पूर्ण करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत टिकतात. नक्की अटी विभागप्रमुखांकडून लेखी समजून घ्या.

ज्यांची पदवी याच धोरणाखाली सुरू आहे, त्यांना आणखी एक पर्याय आहे: चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर पुढे एम.एस्सी. एका वर्षाची. पण तुमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं चौथं वर्ष खरंच सुरू होतंय का, हे आधी बघा.

प्रॉडक्शनमध्ये लागलात आणि क्यूसीत जायचंय, तर पहिल्या वर्षातच बोला. त्याच कंपनीत विभाग बदलून मिळणं बाहेरून क्यूसीत शिरण्यापेक्षा सोपं असतं. तीन वर्षं प्लांटवर काढल्यावर ‘वेट लॅबचा अनुभव?’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

एम.एस्सी. करून नोकरी नाही, आणि जाहिरातीत फक्त बी.एस्सी. मागतायत? डिग्री लपवून अर्ज करणारे बघितलेत. तसं करू नका, पार्श्वभूमी तपासणीत ते बाहेर येतं. अर्ज करा आणि शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे हे स्वतःहून सांगा, कारण एम.एस्सी.वाला सहा महिन्यांत सोडून जाईल ही समोरच्याची खरी भीती असते.

आणि एटीकेटी राहिली असेल तर आधी ती सोडवा. ऑफर लेटरमध्ये बहुधा ‘सर्व विषय उत्तीर्ण’ अशी अट असते, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशालाही पदवी पूर्ण लागते. तोवर जवळच्या एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये, पाणी-माती तपासणीच्या का होईना, पूर्ण वेळ उभं राहता येतं का ते बघा.