पावसाआधी शेतातले प्लास्टिक ताणून बघा

उन्हाळा संपत आला की बांधावर रचलेली वाळूची पोती हलवायला घेतो. मागच्या खेपेला वरच्या थरातले पोते उचलले, तर कोपरा तेवढा हातात आला आणि वाळू पायावर. बोटांना पांढरट भुगा लागला होता. त्याच्याच खाली, त्याच दिवशी भरलेले पोते मात्र दोघांनी ओढूनही फाटेना. दोन्ही एकाच वयाची, पण वरच्याने सगळे ऊन अंगावर घेतले होते. म्हणून ठिबकच्या नळ्या, वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर, शेडनेट, पॉलीहाउसचा कागद (म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा) तपासताना खरेदीची तारीख बघून भागत नाही. कुठल्या भागाला किती ऊन लागले, ते बघावे लागते.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की तपासणी सोपी जाते. नळ्या आणि कागद बहुधा ज्याचे असतात ते पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या हजारो कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून कागद ताणला तरी लगेच फाटत नाही. उन्हातले अतिनील किरण साखळीवर घाव घालतात, तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि त्यातून तयार झालेले घटक शेजारच्या साखळीला धरतात. अशाने साखळ्या तुटून आखूड होतात आणि प्लास्टिक ठिसूळ पडते. उष्णता या सगळ्याला वेग देते. पोती आणि दोर बहुधा पॉलीप्रॉपिलिनचे असतात, आणि ते पॉलिथिनपेक्षाही लवकर उन्हाला बळी पडते.

यावर उपाय म्हणून कारखान्यातच संरक्षक द्रव्ये मिसळतात. ठिबकच्या काळ्या नळीत साधारण 2 ते 2.5 टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी असते. तीच किरण शोषून घेते. पॉलीहाउसच्या पारदर्शक कागदात काजळी चालत नाही, तिथे वेगळी रसायने घालतात आणि ती हळूहळू खर्च होत जातात. ती शिल्लक आहेत तोवर कागद वरून नवाच दिसतो. संपली की मात्र ऱ्हास झपाट्याने होतो. ‘परवापर्यंत धड होता, एका वादळात चिंध्या झाल्या’ असे ऐकू येते ते यामुळेच. दोष एकट्या वादळाचा नसतो.

म्हणून रंगावर जाऊ नका, हाताने ताणा. सगळ्यात जास्त ऊन लागलेल्या जागेतून बोटभर रुंद पट्टी कापा आणि दुसरी मातीत दाबलेल्या किंवा सावलीतल्या भागातून घ्या. दोन्ही सावकाश ओढा. चांगली पट्टी लांबत जाते, मध्ये बारीक होते, मग तुटते. गेलेली पट्टी लांबतच नाही, टचकन तुटते. प्रयोगशाळेतही ताणले जाण्याची क्षमता नव्याच्या निम्म्यावर आली की कागदाचे उपयोगी आयुष्य संपले असे धरतात. शेडनेटची गाठीजवळची दोरी अशीच ओढून बघा.

ठिबकची नळी घट्ट वाकवून बाकाच्या बाहेरच्या बाजूला नीट बघा. केसासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तेवढा तुकडा काढून जोड द्या. अशा रेघा आधी उमटतात त्या कायम ताणाखाली असलेल्या जागी: दुमडून बंद केलेले टोक, ग्रोमेटजवळचा (नळी जोडायच्या रबरी कडीजवळचा) भाग, खुंटीला करकचून बांधलेली जागा. तिथे फवारणीतले साबणासारखे चिकटद्रव्य वरचेवर सांडत असेल तर तडा आणखी लवकर जातो. नळी अंथरताना सैल ठेवा. पॉलिथिन तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.2 मिलिमीटर वाढते. म्हणजे 100 मीटरची नळी भर दुपारी आणि पहाटे यांत 30 अंशांचा फरक पडला तर जवळपास 60 सेंटीमीटरने मागेपुढे होते. दुपारी ताणून बसवलेली नळी रात्री आकसून जोडातून निसटते.

क्षार साचलेल्या नळ्या आम्लाने धुता येतात, पण क्लोरीन बेताने वापरा, जास्त क्लोरीन प्लास्टिकमधले संरक्षक द्रव्य खाते. आणि आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो, जिवावर बेतू शकते.

पॉलीहाउसमध्ये कागद आधी जातो तो सांगाड्याच्या पाइपवर टेकलेल्या रेघेत, कारण पाइप तापतो. कागद बदलणार असाल तर आधी पाइपला पांढरा रंग द्या. गंधक आणि क्लोरीन असलेली औषधे कागदातली संरक्षक रसायने निकामी करतात; फवारा कागदावर उडू देऊ नका, गंधकाची धुरी शक्यतो टाळा.

पीव्हीसी पाइप उन्हाने पिवळट-तपकिरी झाला म्हणून लगेच फेकू नका. ऱ्हास बहुधा वरच्या पातळ थरातच असतो. पाण्याचा दाब तो सहन करतो, पण कुदळीचा घाव सोसत नाही. असा पाइप पुरून टाका किंवा त्याला पाण्यात मिसळणारा फिकट रंग द्या.

माझी सगळ्यात कळकळीची विनंती मल्चिंग पेपरबद्दल आहे. पीक निघाल्यावर तो अखंड निघत असतानाच काढा. आणखी एक हंगाम बघू म्हणून ठेवला की त्याचे तुकडे होतात, आणि रोटाव्हेटर फिरवला की ते मातीत कायमचे जातात. ते वेचायला कोणीच येत नाही. फार पातळ कागद तर उचलतानाच फाटतो. चीनने 2017 च्या मानकात किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केली ती जुना कागद गोळा करता यावा म्हणूनच. ‘आपोआप विरघळतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदाबाबत सावध राहा. ऑक्सो प्रकारचे, म्हणजे लवकर तुटावे म्हणून रसायन मिसळलेले प्लास्टिक विरघळत नाही, बारीक तुकडे होऊन मातीत राहते. युरोपीय संघाने 2021 पासून त्याच्या वस्तूंवर बंदी घातली आहे. खरोखर कुजणारा कागद वेगळा. युरोपच्या ईएन 17033 या मानकात मातीतल्या चाचणीत 2 वर्षांत किमान 90 टक्के विघटन व्हावे लागते. विक्रेत्याकडे असे प्रमाणपत्र मागा.

काढलेला कागद जाळू नका. पीव्हीसीच्या धुरात तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन असतात. माती झटकून, वाळवून, गठ्ठा बांधून पुनर्वापराला द्या. औषधाचे रिकामे डबे त्यात मिसळू नका आणि पाण्यालाही वापरू नका. औषध डब्याच्या भिंतीत मुरलेले असते, धुऊनही पूर्ण जात नाही.

पुन्हा वापरायच्या नळ्या आतून धुऊन, पाणी काढून, मोठ्या सैल वेटोळ्यात सावलीत टांगा. नवा रोल उघडाल तेव्हा पहिली हातभर पट्टी कापून, तिच्यावर तारीख लिहून अंधाऱ्या पेटीत ठेवा. पुढच्या वर्षी शेजारी ठेवून ताणायला तीच लागेल.