कॉम्पोझिट वरून टणक, तळाशी मऊ: माझा अनुभव

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या माझ्या दंत दवाखान्यात दोन दाढांमधल्या किडीसाठी भरलेले कॉम्पोझिट (निळ्या प्रकाशाने टणक होणारे, दाताच्या रंगाचे भरण) वरून टणक लागे. परंतु मॅट्रिक्सची पट्टी (भरताना दाताभोवती लावलेली पातळ पट्टी) काढताच हिरडीलगतच्या कडेत प्रोब (तपासणीची टोकदार सळी) रुतत असे. कॉम्पोझिट बदलले, बॉन्डिंगची (कॉम्पोझिट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची) बाटली बदलली, कॉम्पोझिट टणक करणाऱ्या लाइटमध्ये नवी बॅटरी घातली, तरी फरक पडेना, आणि वैताग आला.

शेवटी लाइटचे टोक भिंगाखाली पाहिले, तेव्हा काचेवर घट्ट झालेल्या रेझिनचा (कॉम्पोझिटमधल्या चिकट द्रव्याचा) प्रकाश अडवणारा पापुद्रा आढळला. तो प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून (धातूच्या हत्याराने काचेवर चरे पडतात) टोक स्पिरिटने पुसले. त्यानंतर 4 मिमी व्यासाच्या साच्यात कॉम्पोझिट भरून वरून 20 सेकंद प्रकाश दिला, ते बाहेर ढकलून खालचा मऊ भाग प्लास्टिकच्याच पट्टीने काढला आणि उरलेल्या टणक भागाची लांबी मोजून तिला दोनने भागले. दातांच्या भरणांसाठीच्या आयएसओ 4049 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा म्हणजेच क्युअरिंगची खोली, म्हणजे प्रकाशाने कॉम्पोझिट किती खोलवर टणक होते ते. रेडिओमीटर (लाइटची तीव्रता मोजणारे यंत्र) तुलनेपुरता ठीक, पण माझा भरवसा या खरवडीवर अधिक आहे.

आता पहिला थर, जो टोकापासून सर्वांत दूर असतो, 2 मिमीपेक्षा जाड ठेवत नाही. टोक दाढेच्या पृष्ठभागाला काटकोनात व शक्य तितके जवळ टेकवतो, नारिंगी चष्मा लावून ते हलत नाही याकडे सतत पाहतो, आणि पट्टी काढल्यावर गालाच्या व जिभेच्या बाजूने पुन्हा प्रत्येकी 20 सेकंद प्रकाश देतो. मध्ये हवेचा झोत सोडल्याने दात तापत नाही. प्रोब आता रुतत नाही.