घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाला सायलेन्सर कसा बसवावा

घरी बांधलेल्या विमानाचा सायलेन्सर तुटतो तेव्हा तडा बहुधा वेल्डच्या कडेला दिसतो आणि बोल वेल्डरला लागतो. खरे कारण बहुतेक वेळा जोडणीत असते. पाइप दोन-तीन मिलिमीटर कमी पडत होता, म्हणून तो ओढून, दाबून इंजिनाच्या स्टडवर (बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर) चढवला आणि नट आवळले. थंड असताना तो ताण दिसत नाही. इंजिन तापले की पाइप वाढतो, थरथर सुरू होते आणि आधीच ताणलेली जागा पहिली फाटते. म्हणून या कामात एक नियम धरून चाला: प्रत्येक तुकडा हाताने, जोर न लावता जागेवर बसला पाहिजे, आणि तापल्यावर त्याला वाढायला व हलायला वाट असली पाहिजे.

इथली माहिती 80 ते 100 अश्वशक्तीच्या चार सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी आहे. रोटॅक्स 912 यूएल (1211 सीसी) आणि 912 यूएलएस (1352 सीसी) ही त्यातली ओळखीची उदाहरणे. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट सुरांत लावलेल्या वाद्यासारखा असतो, त्याची लांबी-रुंदी बदलली की ताकद जाते. त्याला हात लावू नका. आणि इंजिनाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधला आकडा इथल्या आकड्याहून वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

माल निवडताना

पाइपासाठी सर्वांत चांगला माल म्हणजे स्टेनलेसची एसएस 321 ही जात. त्यात टायटॅनियम असते. 304 हा नेहमीचा स्टेनलेस 450 ते 850 अंशांत फार वेळ राहिला की त्यातला क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमांवर जमतो आणि वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. 321 मध्ये टायटॅनियम तो कार्बन आधीच धरून ठेवते. 321 मिळालाच नाही तर कमी कार्बनचा 304एल घ्या, साधा 304 नको.

इंदुरात सियागंजच्या दुकानांत नटबोल्ट, क्लॅम्प, लॉकवायर मिळून जाईल, पण पाइप घेताना डोळ्यांत तेल घालून पाहा. बाजारात 202 चा हलका माल 304 म्हणून खपवला जातो आणि चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (मालाच्या घाण्याचा क्रमांक) पाइपावरच्या नंबराशी ताडून पाहा. शंका असेल तर तुकडा कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) करून घ्या. त्याचा खर्च एका नव्या सायलेन्सरपेक्षा कितीतरी कमी आहे.

डेअरी आणि फार्माच्या पाइपलाइनचे तयार बेंड हाताशी सहज येतात, आणि त्यांचा आतला भाग सुंदर गुळगुळीत असतो. पण त्यांची जाडी पाहा. 38.1 मिमी व्यासाचा, 1.6 मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.45 किलो भरतो. तोच 1 मिमी जाडीचा असेल तर 0.92 किलो. अडीच मीटर पाइपात 1.3 किलोचा फरक पडतो, आणि तो सगळा विमानाच्या नाकाजवळ. 0.9 ते 1.2 मिमी जाडी पुरेशी असते.

मोटरसायकलचा सायलेन्सर कापून लावू नका. त्यातली आवाज शोषणारी लोकर सुटून बाहेर येते, आतल्या जाळ्या तुटतात, आणि तुटलेला पत्रा नेमका बाहेरच्या तोंडाशी जाऊन अडकला तर टेकऑफच्या वेळीच इंजिनाचा श्वास कोंडतो. आपल्या सायलेन्सरच्या आत लोकर नसावी. आतल्या पत्र्यांच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ टेलपाइपच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीच्या) दीडपट तरी असावे. शंभर अश्वशक्तीला साधारण पाच लिटरचा डबा (150 मिमी व्यास, 300 मिमी लांबी) आणि 50 मिमीच्या आसपासचा टेलपाइप हे माप चांगले जुळते.

मांडणी

सायलेन्सरचा भार इंजिनावरच टांगा, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) किंवा इंजिन माउंटच्या नळ्यांवर नाही. इंजिन रबरावर बसलेले असते. सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना ते चांगले डोलते. सायलेन्सरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे फ्रेमला बांधले की प्रत्येक वेळी त्याची पिळवणूक होते. ब्रॅकेट क्रँककेसच्या मोकळ्या आट्यांवर घ्या (इथले मिस्त्री त्यांना चूडी म्हणतात) आणि ब्रॅकेट व डबा यांच्यामध्ये हलणारी कडी ठेवा. डबा ब्रॅकेटला थेट वेल्ड केला तर तडा तिथेच जाणार.

पाइप किती वाढतो हे एकदा मांडून पाहा. स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे 0.017 मिमी वाढतो. सिलेंडरपासून डब्यापर्यंत 400 मिमीचा पाइप 550 अंशांनी तापला तर वाढ होते 3.7 मिमी. चारही पाइप वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून चौघांची वाढ वेगवेगळी. ती घ्यायला प्रत्येक पाइपात एक बॉल जॉइंट (गोलाकार, फिरणारा सांधा) किंवा स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा सांधा) हवाच. स्लिप जॉइंटमध्ये इंजिनाकडचा पाइप आत आणि डब्याकडचा बाहेर, म्हणजे वायू सांध्यावरून पुढे सरकतो, फटीत घुसत नाही. आत शिरलेली लांबी निदान पाइपाच्या व्यासाइतकी ठेवा.

काऊलिंगपासून (इंजिनावरच्या आवरणापासून) सगळीकडे 25 मिमी मोकळे सोडा. टेलपाइप काऊलिंगच्या भोकातून बाहेर येतो तिथे चहूबाजूंनी 15 ते 20 मिमी. पेट्रोलची नळी, वायरिंग आणि रबर माउंट यांच्याजवळून पाइप जात असेल तर मध्ये पत्र्याची ढाल लावा, पाइपापासून 8-10 मिमी दूर. पाइपावर कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह होतो, तो आवरा. पट्टी आतली उष्णता कोंडते, पाइपाचा धातू मर्यादेबाहेर तापतो, पावसाळ्यात ती पाणी धरते आणि खाली पडलेला तडा झाकून ठेवते.

टेलपाइपचे तोंड खाली आणि बाहेरच्या अंगाला, केबिनच्या हवेच्या तोंडापासून दूर.

इंदूरच्या हवेत केबिन हीटरची गरज वर्षात मोजके दिवस पडते. आमचे मत स्पष्ट आहे: तो लावूच नका. डब्याभोवती आवरण घालून गरम हवा केबिनमध्ये आणली की डब्यातला एक बारीक तडा कार्बन मोनॉक्साइड थेट वैमानिकाच्या नाकाशी नेतो. कार्ब्युरेटरसाठी मात्र गरम हवा लागते, कारण श्रावणातल्या 22-25 अंशांच्या दमट हवेतही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. ते आवरण सायलेन्सरच्या डब्यावर न घेता एखाद्या सरळ पाइपावर घ्या, जिथे खोलून तपासता येईल.

जुळवणी आणि वेल्डिंग

आधी प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि चिकटपट्टी वापरून पूर्ण आकार इंजिनावर उभा करा. काऊलिंग चढवून पाहा. मग स्टेनलेसचे तुकडे कापा. खुणा करायला शिसपेन्सिल चालत नाही: तिचा कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि त्या रेघेवरच तडा जातो. स्केच पेन वापरा. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारे आणि क्लॅम्पही स्टेनलेसला लावू नका, ब्रश फक्त स्टेनलेसच्या तारांचा.

फ्लँज (पाइपाच्या टोकाची भोकांची जाड चकती) स्टडवर ठेवून तुकडे जागेवरच वेल्डचे टाके घालून जोडा. त्याआधी टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची तोंडे बंद करा, बॅटरी आणि इग्निशनचे मॉड्यूल सोडवा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प पाइपावर, टाक्याच्या शेजारी लावा. ती प्रॉपेलर शाफ्टवर किंवा क्रँककेसवर लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. ते कित्येक तासांच्या उड्डाणानंतर कळते.

पूर्ण वेल्ड इंजिनावर नको. फ्लँज 10-12 मिमी जाडीच्या लोखंडी पाटावर बोल्टने आवळा, म्हणजे तो वाकणार नाही, आणि टिग वेल्ड करा. 321 ला 347 ची तार, 304एल ला 308एल ची. पाइपाच्या आत आर्गॉन भरून वेल्ड करणे सक्तीचे समजा. नाहीतर आतल्या बाजूला साखरेच्या दाण्यांसारखी काळी खरखरीत साय येते, तिथून तडे सुरू होतात आणि तिचे कण डब्यात पडतात. सांवेर रोडच्या कारखान्यांत डेअरीची आणि औषध कंपन्यांची पाइपलाइन करणारा वेल्डर शोधा. आत आर्गॉन का भरायचा हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

थंड झाल्यावर फ्लँज जाड काचेवर ठेवा आणि फीलर गेज फिरवा. 0.1 मिमीची पाती आत शिरली तर फ्लँज घासून सपाट करा. गॅस्केट ती फट भरून काढील या भरवशावर राहू नका.

बसवणे

गॅस्केट असेल तर प्रत्येक वेळी नवे. सगळे नट आधी बोटांनी चढवा, चारही पाइप, डबा, ब्रॅकेट जागेवर येऊ द्या, आणि मग मॅन्युअलच्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंत) दोन-तीन फेऱ्यांत आवळत न्या. क्रम सिलेंडरकडून बाहेर: आधी फ्लँज, शेवटी ब्रॅकेट. उलट केले तर ब्रॅकेटच पाइपाला ओढते. आवळून झाल्यावर ब्रॅकेटचा बोल्ट एकदा काढून पाहा. भोके समोरासमोरच राहिली तर ताण नाही. बोल्ट काढताच डबा सरकला तर ब्रॅकेटचे भोक हलवा, पाइप वाकवू नका. नायलॉनचे लॉकनट इथे चालत नाहीत, नायलॉन वितळते. पूर्ण धातूचे लॉकनट घ्या.

बॉल जॉइंटवर निकेलचे अँटी-सीझ (सांधा जाम होऊ न देणारे मलम) पातळ थरात लावा. हा सांधा धरून ठेवणारी स्प्रिंग ताणल्यावर वेढ्यांत जरा फट दिसली पाहिजे. वेढे चिकटलेले राहिले तर स्प्रिंगला ताणच नाही. फार ताणली तर हुक तुटतो. दोन हुकांमधून, स्प्रिंगच्या पोटातून 0.8 मिमीची स्टेनलेस लॉकवायर घाला, पण सैल, म्हणजे स्प्रिंग काम करील आणि तुटली तरी लोंबकळत राहील. प्रॉपेलर मागे असलेल्या विमानात तर सुटलेली स्प्रिंग सरळ पात्यावर जाते. वेढ्यांवर उच्च तापमानाच्या सिलिकोनची एक रेघ ओढा. थरथर मरते आणि हुक झिजत नाही.

चाचणी

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकण्याच्या बाजूला लावून टेलपाइपमध्ये हवा सोडा, कडेने कापड कोंबा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचे पाणी फिरवा. स्लिप जॉइंटवर थोडे बुडबुडे येणारच. वेल्डवर एकही नको. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा.

दुसरी चाचणी मागच्या दाबाची, म्हणजे बॅक प्रेशरची: सायलेन्सरच्या अडथळ्यामुळे पाइपात साठणारा दाब. रोटॅक्स 912 साठी मर्यादा 0.2 बार आहे, फ्लँजपासून 70 मिमीवर मोजलेली. वेल्डिंगच्या वेळीच तिथे छोटा आटेवाला नट बसवून ठेवा. त्यातून 6 मिमीची तांब्याची नळी मीटरभर आणा, म्हणजे वायू थंड होईल, आणि पुढे गेज लावा. चाकांना अडसर, शेपूट बांधलेली, अग्निशामक जवळ, प्रॉपेलरच्या रेषेत कोणी नाही. पूर्ण थ्रॉटलला आकडा वाचा.

ही चाचणी जानेवारीच्या पहाटे करा. 10 अंशांची हवा 42 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्के घट्ट असते, इंजिन जास्त हवा ओढते आणि दाब सर्वांत जास्त तेव्हाच दिसतो. मेमधला आकडा फसवा असतो: इंदूरचा विमानतळ साडेपाचशे मीटरच्या वर, त्यात 42 अंश, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने तुम्ही साधारण 1700 मीटर उंचीवर उभे असता. उष्णतेची चाचणी मात्र त्याच मेमधल्या दुपारी: इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी काऊलिंगच्या आत पेट्रोलच्या नळीपाशी किती तापले ते पाहा, कारण वारा थांबल्यावरच उष्णता वर चढते.

दाब जास्त निघाला तर आधी टेलपाइप मोठा करा, मग आतली भोके.

केबिनमध्ये बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड मीटर ठेवा, रंग बदलणारे कार्ड पुरे नाही. हा वायू वासाने कळत नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त चिकटतो. विमानांसाठीची जुनी मर्यादा 20,000 भागांत एक, म्हणजे 50 पीपीएम. आम्ही 10 च्या वर काहीही दिसले तरी कारण शोधल्याशिवाय उडू नका असे म्हणू. खिडक्या उघड्या, बंद, चढताना, उतरताना, सगळ्या स्थितींत पाहा.

आता वजन. समजा विमान 420 किलोचे आणि 4 किलोचा सायलेन्सर गुरुत्वमध्याच्या 1.1 मीटर पुढे आला, तर मध्य 4.4 भागिले 424, म्हणजे 10 मिमी पुढे सरकतो. हिशेबावर न थांबता विमान प्रत्यक्ष तोला, लॉगबुकमध्ये नोंद करा आणि डीजीसीएकडे (नागरी उड्डाणाच्या सरकारी खात्याकडे) दिलेल्या कागदांत नवे आकडे गेल्याशिवाय उड्डाण करू नका.

दहा मिनिटे चालवून पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा टॉर्कवर पाहा. मग एका तासाने, पाच तासांनी, पंचवीस तासांनी काऊलिंग काढा. निळा-जांभळा रंग नैसर्गिक आहे. सांध्यापासून निघालेली राखाडी किंवा पांढरट रेघ म्हणजे गळती. लाकडाच्या मुठीने डब्यावर हलके ठोका: धड डबा खणखणतो, तडा गेलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो, आणि आत पत्रा सुटला असेल तर तो खुळखुळतो. तसा आवाज आला की डबा त्याच दिवशी उतरवा.